सेतूचा जीर्णोद्धार

जुन्या वस्तूंचे जतन करावे, हे तत्त्व आज कोणी नाकारीत नाही. देऊळ असो, गढी असो वा पोथी असो, ती पडू द्यावी असे म्हणणारा माणूस सभेत उभा राहावयाचा नाही. परंतु तत्त्व सर्वमान्य झाले की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची सवय हळूहळू सुटते. जतन करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, आणि वस्तूतील कोणती गोष्ट टिकली असता ती वस्तू टिकली असे म्हणावयाचे, हा प्रश्न मागे पडतो. पोथीच्या बाबतीत हा प्रश्न चुकीचा सुटला तर पोथीचे नुकसान होते. पुलाच्या बाबतीत तो चुकीचा सुटला तर माणसे मरतात. म्हणून या प्रश्नाचा विचार करण्यास जुना पूल हे उदाहरण विशेष योग्य आहे, आणि त्यातही जुना झुलता पूल.

असा एक पूल आपल्या बेळगाव जिल्ह्यात, गोकाकच्या धबधब्यावर आहे. घटप्रभा नदी तेथे घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या खडकाच्या कडेवरून सुमारे ५२ मीटर खाली झेप घेते. त्या कड्याच्या वरच्या अंगास, नदीच्या खडकाळ पात्रापासून सुमारे १४ मीटर उंचीवर, सुमारे २०१ मीटर लांबीचा हा पूल दोरांना टांगलेला आहे. काठावर चालुक्यकालीन देवळे आहेत. त्यांपैकी महालिंगेश्वराचे देऊळ प्रसिद्ध आहे. जवळच पाण्याच्या बळावर चालविण्यासाठी १८८७ च्या सुमारास उभी राहिलेली सूतगिरणी आहे. एकाच जागी देव, नदी, यंत्र आणि वाट अशी चारही एकत्र आलेली ठिकाणे फार थोडी. या घटप्रभेला सह्याद्रीतून येणारी हिरण्यकेशी मिळते. ती आंबोलीच्या गुहेतील देवस्थानापाशी उगम पावून आजरा, गडहिंग्लज आणि पीठस्थान म्हणून वाचकांना परिचित असलेले संकेश्वर या मार्गाने खाली उतरते. म्हणजे कोकणच्या उंबरठ्यावर पडलेला पाऊस मराठी मुलखातून वाहत जाऊन कानडी मुलखातल्या या पुलाखालून पुढे कृष्णेस मिळतो. निपाणीकडचा, बेळगावचा किंवा गोव्याचा माणूस या पुलाला परका नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

पूल जुना आहे, डौलदार आहे, पाहणाऱ्याच्या मनात भरतो. तेव्हा तो जतन करावा, हे ठरलेलेच. पण कसा, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर त्या पुलाच्या रचनेतच शोधावे लागते.

दगडी कमानीचा पूल आणि झुलता पूल यांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेटून बसलेला असतो. भार आला की दगड अधिकच घट्ट बसतात. कमानीचे वजन हेच तिचे बळ असते. काळ दगडाला झिजवितो, परंतु फार सावकाश, आणि ती झीज बहुधा डोळ्यांना दिसते. झुलत्या पुलात याच्या उलट घडते. तेथे सर्व भार दोराच्या ताणावर असतो. वाटसरूचे वजन पायाखालच्या पट्टीवरून उभ्या टांगण्यांत जाते, टांगण्यांतून मुख्य दोरात जाते, दोर ते खांबांच्या माथ्यावरून नेऊन दोन्ही काठांवरच्या दगडी बांधकामात पुरलेल्या आपल्या टोकांशी पोचवितो. दोर हा अनेक तारांचा पीळ असतो. पावसाचे पाणी आणि नदीवरची दमट हवा त्या पिळाच्या आत शिरते. गंज आतून चढतो, आणि वरून रंगाचा हात दिलेला असला की तो मुळीच दिसत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. झुलता पूल लोखंडाचा असतो, म्हणून आपण त्याला दगडी इमारतींच्या पंक्तीस बसवितो. पण त्याचा धर्म दोराचा आहे. विहिरीचा पोहरा ज्या दोराने ओढतात तो आजोबांच्या वेळचा आहे, याचा अभिमान कोणी बाळगीत नाही. दोर झिजला की बदलावयाचा, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. दगडाचे जतन म्हणजे तोच दगड राखणे. दोराचे जतन म्हणजे वेळेवर नवा दोर वळणे. ही जतनाची दोन भिन्न रूपे आहेत, आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावणे हीच या विषयातील मुख्य चूक आहे.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात अपुरिमाक नदीच्या वरच्या खोऱ्यावर गवताच्या दोरांचा एक झुलता पूल आहे. त्याचे नाव केस्वाचाका. आसपासच्या चार गावांचे लोक दरवर्षी जूनमध्ये एकत्र जमून गवत वळतात, जुना पूल सोडून नदीत टाकतात आणि त्याच जागी नवा बांधतात. ही वहिवाट इंका राजवटीपासून, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे, आणि २०१३ मध्ये युनेस्कोने तिची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. त्या पुलात एक वर्षापूर्वीची काडीही नसते, तरी तो जगातील अत्यंत जुन्या पुलांपैकी एक मानला जातो. २०२० साली साथीच्या आजारामुळे लोकांना जमता आले नाही आणि वार्षिक विणकाम चुकले. २०२१ च्या मार्चमध्ये तो पूल नदीत कोसळला. त्याच जूनमध्ये लोकांनी तो पुन्हा बांधला. शतकानुशतके टिकलेली वस्तू एका वर्षाच्या खंडाने पडली, आणि हातांना विद्या असल्यामुळे ती पुन्हा उभी राहिली. तेथे खरोखर काय जतन होत होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

हा विचार आपल्या देवळांच्या परंपरेला नवा नाही. जगन्नाथपुरीला नवकलेवराचा विधी आहे. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो अशा ठराविक वर्षी, अलीकडे १९९६ आणि २०१५ साली, कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवितात, जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ नव्यांत स्थापितात, आणि जुन्या मूर्तींना देवळाच्या आवारातच सन्मानाने भूमीत विसावा देतात. लाकूड जीर्ण होणारच, हे तेथे आधीच मान्य केलेले आहे. त्याबद्दल खेद नाही की लपवाछपवी नाही. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि भग्न प्रतिमेचे विसर्जन कसे करावे हे त्यात सांगितले आहे. देवळाचे काम काढण्यापूर्वी मूर्तीतील देवत्व विधिपूर्वक कलशात आवाहन करून ठेवावयाचे आणि काम पुरे झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा करावयाची, ही कलाकर्षणाची रीत आपल्यापैकी अनेकांनी आपल्या ग्रामदेवतेच्या किंवा कुलदेवतेच्या देवळात पाहिली असेल. या रीतीत एक मोठे व्यावहारिक शहाणपण आहे. काम चालू आहे तोवर येथे देव नाही, येथे पूजा नाही, हे उघडपणे जाहीर होते. आणि काम खरोखर पुरे झाल्याशिवाय प्रतिष्ठा होत नाही.

खोटा जीर्णोद्धार कसा असतो, हे मोरबीने दाखविले. गुजरातेतील मोरबीचा झुलता पूल एकोणिसाव्या शतकात ठाकूर वाघजी यांच्या कारकीर्दीत बांधला गेला. तो सुमारे २३३ मीटर लांब आणि जेमतेम सव्वा मीटर रुंद होता. दुरुस्तीसाठी काही महिने बंद ठेवून २६ ऑक्टोबर २०२२ रोजी, गुजराती नववर्षाच्या मुहूर्तावर, तो लोकांसाठी पुन्हा उघडला. चौथ्या दिवशी, ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी, सुट्टीची गर्दी अंगावर असताना तो तुटला. १३५ माणसे मेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. पुढे सरकारने नेमलेल्या तपास पथकाने दिलेल्या अहवालात आढळले ते असे : मुख्य दोर ४९ तारांचा होता, त्यांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या आणि त्या अपघातापूर्वीच तुटलेल्या असाव्यात. तो दोर बदललेला नव्हता. बदलली होती ती पायाखालची पट्टी. लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमची पट्टी घातली होती. जुन्या टांगण्यांना नव्या सळया जोडून दिल्या होत्या. जे दिसते ते नवे झाले, जे धरते ते जुनेच राहिले. दोराच्या धर्माला दगडाचा नियम लावला, आणि त्यावर उत्सवाचा मुहूर्त साधला. कलाकर्षणाच्या भाषेत बोलावयाचे तर काम पुरे होण्यापूर्वीच प्रतिष्ठा झाली.

येथे वारसा जपणाऱ्या मंडळींचा एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे ऐकण्याजोगा आहे. ते म्हणतात, दोर बदलला, टांगण्या बदलल्या, फळ्या बदलल्या, मग जुना पूल कुठे उरला? त्या काळच्या कारागिराने वळलेली तार, हाताने ठोकलेला रिबीट, भट्टीतील त्या लोखंडाचा पोत हा इतिहासाचा पुरावा आहे. तो काढून टाकून त्या जागी आजच्या कारखान्यातील माल बसविला तर उरते ती जुन्याची नक्कल. प्रश्न फार जुना आहे. मिलिंद राजाला नागसेनाने हाच प्रश्न रथाच्या रूपाने घातला होता : चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, दांडी म्हणजे रथ काय? कोणताही एक भाग रथ नव्हे, आणि सारे भाग नुसते ढीग करून ठेवले तरी तो रथ नव्हे. रथ हे नाव त्या सर्वांच्या विशिष्ट जुळणीला आहे.

पुलाला हे उत्तर लावून पाहिले तर त्याची ओळख तीन गोष्टींत सापडते. एक, त्याचे स्थान आणि आकृती : हा काठ, तो काठ, त्यांमधला हा झोल. दुसरी, त्याची युक्ती : भार ताणावर तोलण्याची ती विशिष्ट रीत. तिसरी, त्याचे वचन : जो पाऊल टाकील त्याला पलीकडे पोचवीन. दोर नवा आला तरी या तिन्ही गोष्टी अखंड राहू शकतात. उलट दोर तोच ठेवला आणि तो कुजला, तर पहिल्या दोन गोष्टी काही काळ दिसत राहतात आणि तिसरी नाहीशी झालेली असते. वचन न पाळणारा पूल हा पुलाचा देखावा होय. म्हणून आक्षेपकांना एवढेच सांगावे लागेल की तुमच्या पुराव्याचे मोल खरे आहे, पण तो पुरावा माणसाच्या पायाखाली ठेवण्याची जागा नव्हे. जुन्या तारेचा तुकडा, जुनी टांगणी, जुने नकाशे आणि मोजमापे नीट नोंदवून काठावर एखाद्या खोलीत ठेवावीत. कोणता भाग कोणत्या साली बदलला हे तेथे लिहावे. पुरीला जुन्या मूर्ती जशा सन्मानाने विसावतात, तसा जुन्या दोरालाही विसावा मिळावा.

या प्रश्नाच्या मुळाशी विश्वासाचा संबंध आहे. पुलावर पाऊल टाकणारा माणूस, विचार केला तर, एक विलक्षण गोष्ट करीत असतो. ज्याला त्याने कधी पाहिले नाही, ज्याचे नावही त्याला ठाऊक नाही, अशा कोणाच्या तरी प्रामाणिकपणावर तो आपला जीव ठेवतो, आणि बहुधा कडेवरच्या मुलाचाही. त्याला दोराची टोके पाहता येत नाहीत. जे त्याला दिसू शकत नाही ते पाहणे, हेच राखणाऱ्याचे काम. फ्रान्समध्ये आंजे येथे १८५० च्या एप्रिलमध्ये वादळी वाऱ्यात सैन्याची पलटण पार होत असता झुलता पूल तुटला आणि दोनशेहून अधिक माणसे बुडाली. तेथे दोरांची टोके गंजू नयेत म्हणून ती चुन्यात गच्च बसविली होती. पुढे चुना तारांपासून सुटला, आत पाणी गेले, आणि ज्या लेपाने टोके राखावयाची होती त्यानेच गंज दृष्टीआड केला. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर पूल १९६७ च्या डिसेंबरमध्ये पडला आणि ४६ माणसे गेली. तो साखळीच्या सळयांवर टांगलेला होता, आणि सर्व अनर्थ एका सळईतील काही मिलिमीटरच्या चिरेतून निघाला. त्यानंतर त्या देशात पुलांची ठराविक काळाने तपासणी करण्याचा राष्ट्रीय नियम झाला. या दोन्ही ठिकाणी कोणी दुष्टबुद्धीने वागले नव्हते. परंतु जेथे पाहणे हेच कर्तव्य आहे तेथे न पाहणे हा निव्वळ अभाव राहत नाही. ते एक कृत्य ठरते, आणि त्याचे फळ दुसऱ्याच्या वाट्याला जाते.

पाहिल्यानंतर जे आढळेल ते सांगणे, हा याच कर्तव्याचा दुसरा आणि अधिक कठीण भाग आहे. हृषीकेशचा लक्ष्मणझुला वाचकांपैकी अनेकांनी ओलांडला असेल. तेथला आधीचा पूल १९२४ च्या गंगेच्या पुरात वाहून गेला, आणि आजच्या पिढीला परिचित असलेला पूल १९३० साली खुला झाला. २०१९ च्या जुलैत तज्ञांच्या अहवालावरून तो बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा पुष्कळांना दुःख झाले. यात्रेकरूंची सोय गेली, दुकानदारांचे पोट दुखावले. तरीही तो निर्णय श्रद्धेच्या विरुद्ध नव्हता. ज्या पुलाने जवळजवळ नव्वद वर्षे यात्रेकरू पार केले, त्याच्या हातून शेवटी अनर्थ घडू न देणे हा त्याचा सन्मानच होता.

मात्र बंद करणे म्हणजे सोडून देणे नव्हे. गोव्यात सावर्डे येथे नदीवरचा पोर्तुगीज अमदानीतील पादचारी पूल वापरातून गेलेला होता. १८ मे २०१७ रोजी नदीत उडी घेतलेल्या एका माणसाचा शोध चालू असता बघ्यांची गर्दी त्याच पुलावर चढली, आणि पूल गर्दीसह नदीत कोसळला. तो निवृत्त झाला होता, पण त्याची निवृत्ती कोणी सांभाळली नव्हती. वापरातून गेलेल्या वस्तूलाही राखणदार लागतो. आणि वापर गेला म्हणजे आदर जातो असेही नाही. आपल्याच घटप्रभेवर, गोकाकच्या वरच्या अंगास, १९७७ मध्ये पूर्ण झालेल्या हिडकल धरणाच्या पाण्यात हुन्नूरचे विठ्ठलमंदिर बुडाले आहे. वर्षातील बराच काळ ते जलाशयाखाली असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते वर येते, आणि लोक पाहावयास, हात जोडावयास जातात. नित्य पूजा नाही, घंटा नाही, तरी मान गेलेला नाही. पुलाच्या बाबतीतही हे शक्य आहे. दोर नवे करण्याचे सामर्थ्य नसेल तर वाट बंद करून आकृती तेवढी राखावी, हेही जतनच आहे. जीर्ण दोरावर गर्दी झुलविणे मात्र कोणत्याच अर्थाने जतन नव्हे.

मग हे करावयाचे कोणी? सरकारने, मालकाने, पंचायतीने, असे उत्तर चटकन येते, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु आपल्या परंपरेत विहीर, तळे, धर्मशाळा, घाट यांना पूर्तकर्म म्हणून धर्मात स्थान दिले होते. अहिल्याबाई होळकरांचे स्मरण आपण काशीच्या मंदिरासाठी करतो तितकेच घाटांसाठी आणि विहिरींसाठी करतो. वाटसरूची वाट राखणे हे केवळ खात्याचे काम आहे असे त्या काळी कोणी मानीत नव्हते. आणि दोर राखण्याची विद्या तर देवस्थानांच्या मंडळींना घरचीच आहे. रथोत्सव जवळ आला की रथाची चाके, आस आणि दोर पाहून घेतल्याशिवाय रथ हलत नाही. दोर विरला असेल तर नवा येतो, आणि तो जुना होता म्हणून कोणी हळहळत नाही. कारण तुटलेल्या दोराने काय होते हे सर्वांना ठाऊक असते, आणि रथाखाली कोणाचे मूल सापडेल हे कोणालाच ठाऊक नसते.

हीच दृष्टी पुलाला लावावी. पावसाळ्यापूर्वीचा एक दिवस ठरवून जाणत्या अभियंत्याकडून पूल तपासला जावा. दोराची पुरलेली टोके उघडून पाहिली जावीत. त्या तपासणीचा निष्कर्ष पुलाच्या दोन्ही तोंडांशी कानडीत आणि मराठीत लावला जावा : शेवटची तपासणी अमुक दिवशी, एका वेळी इतकीच माणसे, पुढची तपासणी अमुक दिवशी. ही मागणी करण्यास फार मोठे बळ लागत नाही. गावाची आणि देवस्थानांची एकमुखी इच्छा पुरते. वाटसरूकडेही थोडे कर्तव्य येते. दर्शनाच्या रांगेत आपण थांबतो, तसे पुलाच्या तोंडाशी थांबावे. पूल हलविण्याची गंमत मुलांना करू देऊ नये. आपला आनंद दुसऱ्याच्या जिवाच्या दोरावर घेऊ नये, इतकेच त्याचे सार आहे.

सेतू या शब्दाच्या मुळाशी बांधण्याचा अर्थ आहे. म्हणूनच संस्कृतात पूल आणि बांध या दोहोंना तो एकच शब्द चालतो : एक माणसाला पार नेतो, दुसरा पाण्याला मर्यादेत धरतो. छांदोग्य उपनिषदात आत्म्याला सेतू म्हटले आहे ते धारण करण्याच्या अर्थाने. जग एकमेकांत कोसळून विस्कळित होऊ नये म्हणून तो त्यांना धरून ठेवतो. हा अर्थ ध्यानात ठेवला म्हणजे जुन्या पुलाचे जतन म्हणजे काय, याविषयी संभ्रम राहणार नाही. सेतूत राखावयाचे असते ते धारण. गोकाकचा पूल पुढच्या पिढीला द्यावयाचा असेल, तर त्याचे दोर धरीत आहेत की नाहीत हे आपण स्वतः पाहिल्यानंतरच द्यावयाचा. आणि धरीत नसतील, तर तसे स्पष्ट सांगून द्यावयाचा.